आठ सुरांचं संस्थान

वाद्यवृंदाच्या नव्या हंगामाची पत्रिका हातात पडली की मी प्रत्येक तारखेखालचं शेवटचं नाव आधी वाचतो. सुरुवातीला एखादं छोटं ओव्हर्चर, मग एकल वादकासाठी कंचेर्तो, मध्यंतर आणि त्यानंतर सिंफनी, असा या मैफलींचा जुना शिरस्ता. आपल्याकडे बडा ख्याल आधी होतो आणि भैरवीने सांगता होते. इथे सगळ्यात जड पदार्थ शेवटी वाढतात. त्या शेवटच्या ओळीत ‘ब्राम्स, चौथी सिंफनी, ई मायनर’ असं दिसलं की बाकी काहीही ठरलेलं असो, त्या तारखेभोवती मी पेन्सिलीने गोल करून टाकतो. मुंबईत एनसीपीएच्या आधाराने २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, त्यामुळे असा गोल करण्याची चैन आता आपल्याही वाट्याला येते.

या सिंफनीचं आणि हंगामाच्या पत्रिकेचं नातं मात्र त्याहून जुनं आहे. ती लिहिली गेली तीच एका आडगावच्या वाद्यवृंदाच्या भरवशावर. व्हिएन्ना, बर्लिन, लाइपझिग अशी मोठी नगरं सोडून तिचा पहिला प्रयोग २५ ऑक्टोबर १८८५ रोजी माइनिंगेनमध्ये झाला आणि वाद्यवृंदापुढे स्वतः योहानेस ब्राम्स उभा होता.

माइनिंगेन हे जर्मनीतल्या थुरिंगिया भागातलं, वेरा नदीकाठचं छोटं गाव. त्या काळी एका लहानशा संस्थानाची राजधानी. मराठी वाचकाला संस्थान म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेब होते, इचलकरंजीचं नाव बाळकृष्णबुवांच्या नावाला कायमचं चिकटलं. नकाशावर बोटाच्या पेरात मावणाऱ्या जागा, पण राजाचा कान शाबूत असला की तिथे जे पिकतं ते मोठ्या शहरांना मागून न्यावं लागतं. माइनिंगेनचा ड्यूक गेओर्ग दुसरा हा असाच राजा. त्याला नाटकाचं वेड. नेपथ्याची आणि पोशाखांची चित्रं तो स्वतः काढायचा, आणि त्याची नाटक मंडळी युरोपभर दौरे करायची. नाटकापायी त्याने आपल्या दरबारातला ऑपेरा बंद केला. त्यामुळे दरबारच्या वादकांना एक अशी गोष्ट मिळाली जी मोठ्या शहरातल्या वादकांकडे कधीच नसते. ती म्हणजे वेळ. रोज रात्री ऑपेऱ्याच्या खड्ड्यात बसून घासायचं नव्हतं, त्यामुळे तालमीला दिवस मोकळे.

१८८० मध्ये या वाद्यवृंदाची सूत्रं हान्स फोन ब्यूलोकडे आली आणि त्या मोकळ्या वेळाचं सोनं झालं. ब्यूलो हा अत्यंत तापट, अत्यंत तीक्ष्ण जिभेचा आणि कामाला न थकणारा माणूस. तंतुवाद्यांची तालीम वेगळी, फुंकवाद्यांची वेगळी, आणि दोन्ही तयार झाली की एकत्र. आपला पहिला हंगाम त्याने फक्त बेटहोव्हनला वाहिला. एका संध्याकाळी नववी सिंफनी वाजवली आणि त्याच बैठकीत ती पुन्हा पहिल्यापासून वाजवली. लोकांना कळेपर्यंत सोडायचंच नाही, असा त्याचा बाणा. पन्नासाच्या आतबाहेर वादक, तेवढ्यांना घेऊन तो आगगाडीने गावोगाव जायचा आणि दुप्पट माणसं बाळगणाऱ्या वाद्यवृंदांना खाली मान घालायला लावायचा.

ब्राम्सला त्याने सांगून ठेवलं होतं की नवं काहीही लिही, इथे आण, आम्ही वाजवून दाखवतो. दुसरा पियानो कंचेर्तो ब्राम्सने १८८१ मध्ये असाच इथे आणून पारखून घेतला होता. संगीतकाराच्या दृष्टीने ही केवढी मोठी सोय! कागदावर मांडलेला सूर प्रत्यक्षात कसा लागतो हे ऐकायला एक अख्खा वाद्यवृंद दिमतीला, आणि घड्याळाकडे बघायचं कारण नाही.

चौथ्या सिंफनीचे पहिले दोन भाग १८८४ च्या उन्हाळ्यात लिहून झाले आणि उरलेले दोन १८८५ च्या. दोन्ही उन्हाळे ब्राम्स ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागात, म्युर्त्सूश्लाग नावाच्या गावी होता. तिथली हवा थंड आणि चेरी आंबट. आपल्या सिंफनीलाही याच हवेची चव लागली असेल, इथल्या चेरी काही गोड होत नाहीत, अशा अर्थाचं त्याने ब्यूलोला कळवलं. चेष्टेच्या सुरातली ही धास्ती अगदीच खोटी नव्हती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्हिएन्नात त्याने एका मित्राला सोबत घेऊन ही सिंफनी दोन पियानोंवर वाजवून दाखवली. ऐकायला सगळे घरचेच, कान तयार असलेले लोक. पहिला भाग संपला आणि कुणी काही बोलेना. शेवटी एदुआर्द हान्सलिक हा नामांकित समीक्षक, जो ब्राम्सचा पक्का पाठीराखा, तो म्हणाला की दोन भयंकर हुशार माणसांनी मिळून आपल्याला बदडून काढल्यासारखं वाटतंय. दुसऱ्या दिवशी माक्स काल्बेक या मित्राने सुचवलं, तिसरा भाग फेकून दे आणि चौथा सुटा छाप. ब्राम्सने एकही भाग हलवला नाही. तो सगळी सामग्री घेऊन माइनिंगेनला गेला.

मित्रांचा गोंधळ का झाला असेल हे पहिला भाग ऐकताना कळतं. या सिंफनीला दारच नाही. आपण थेट माजघरात असतो. ब्राम्सने आरंभी चार बारांची एक छोटी प्रस्तावना लिहून पाहिली होती, मग ती खोडून टाकली. व्हायोलिनं दोन-दोन सुरांचे हुंकार घेत सुरू होतात. एक सूर, मग त्याखालचा तिसरा, श्वास. पुन्हा एक सूर, पुन्हा तिसरा, श्वास. खाली उतरणाऱ्या या पायऱ्या मध्येच वळतात आणि तशाच वर चढू लागतात. कुणीतरी आधीपासून बोलत होतं आणि आपण मध्येच खोलीत आलो, असं वाटतं. त्या उतरत्या तिसऱ्यांवरच पुढचा सगळा भाग उभा आहे, पण ब्राम्स तसं सांगायला थांबत नाही. पियानोच्या कोरड्या आवाजात हे ऐकणाऱ्याला नुसती हुशारीच दिसणार. खालच्या फुंकवाद्यांची ऊब आणि व्हायोलिनच्या धनुष्याचा दाब त्यात मिळाला की त्याच हुशारीला हुंदका फुटतो.

या भागातली माझी सगळ्यात आवडती जागा मधली आहे. बराच विस्तार करून झालाय, सुरुवातीचा मुखडा परत यायची वेळ आलीय, कान तयार होऊन बसलेत. आणि तो येतो, पण अतिशय हळू आवाजात आणि लांबवून. व्हायोलिनचे हुंकार फुंकवाद्यांकडे गेलेत, एकेक सूर ताणून धरलाय, आणि त्या सुरांच्या मधल्या पोकळीत तंतुवाद्यं धुक्यासारखी फिरताहेत. मुखडा आलाय हे कळायलाच वेळ लागतो. समेवर धाडकन येऊन टाळी घेणारे गवई आपण पुष्कळ पाहिले. सम जवळ आल्यावर पावलं हलकी करून, जोडे हातात घेऊन आत येणारा गवई एखादाच असतो. हे लांबवणं लक्षात ठेवावं, कारण शेवटच्या भागात ब्राम्स हाच हात पुन्हा खेळणार आहे.

दुसरा भाग हॉर्न उघडतात. फक्त हॉर्न, आणि नंतर त्यांना साथ करणारी फुंकवाद्यं. ई हा षड्ज धरला तर ही सुरावट सा वरून कोमल रे, कोमल ग अशी चढते आणि सा वरून खाली कोमल नी, कोमल ध अशी उतरते. सगळे सूर भैरवी थाटातले. युरोपात याला फ्रिजियन म्हणतात आणि ती त्यांची जुन्या चर्चगायनातली चाल, त्यामुळे ब्राम्सला आपली भैरवी माहीत असण्याचा प्रश्न नाही. पण मराठी कान काय करणार? त्याला सांगता झाल्यासारखं वाटतं. तानपुऱ्याच्या गवसण्या चढवायची वेळ झाली, असं वाटतं, आणि मैफल तर निम्मीही झालेली नसते. मग क्लॅरिनेट तीच सुरावट हातात घेतात, तंतुवाद्यं नखलून ठेका दिल्यासारखी खाली चालू लागतात आणि कोमल गंधार अलगद शुद्ध होतो. दिवा थोडा वर केल्यासारखा उजेड पडतो. पुढे चेलो जी धून गातात ती या सिंफनीतली सगळ्यात उदार जागा. तिच्याबद्दल शब्द खर्च करण्यापेक्षा ती यायच्या आधी खोकून घ्यावं, एवढंच सुचवतो.

तिसरा भाग म्हणजे दांडगाई. ब्राम्सने तो सगळ्यात शेवटी लिहिला. त्यात पिकोलो आहे, डबल बसून आहे, आणि ट्रँगल आहे. आपल्या चारही सिंफन्यांत ट्रँगलला ब्राम्सने इथेच तेवढी जागा दिली. काल्बेकने काढून टाक म्हणून सांगितला तो हाच भाग. काढला असता तर दुसऱ्या भागाची सांजवेळ थेट चौथ्या भागाच्या अंधाराला जाऊन भिडली असती आणि ऐकणाऱ्याचा जीव गुदमरला असता. जत्रेत पाळण्यात बसून आल्यावरच पुढचं झेपतं.

याच ऑक्टोबरात माइनिंगेनला एकवीस वर्षांचा एक पोरगा ब्यूलोच्या हाताखाली नुकताच लागला होता. त्याचं नाव रिचर्ड स्ट्राउस. त्याने पुढे लिहून ठेवलेली एक आठवण मला फार आवडते. ब्राम्स आपलं ‘अकॅडेमिक फेस्टिव्हल’ ओव्हर्चर वाजवून घेत होता आणि त्याला खूश करायला ब्यूलोने झांजा घेतल्या, स्ट्राउसने मोठा ढोल. दोघेही पट्टीचे संगीतकार, आणि दोघांनाही विश्रामाचे बार मोजता येईनात! मोजणी चुकली की हातात नुसतीच झांज घेऊन उभं राहायचं. त्या दोघांची ही फजिती मी मुद्दाम इथे सांगतोय, कारण आता ज्या चौथ्या भागाशी आपण आलो आहोत तो सगळा मोजणीचाच खेळ आहे.

या भागाचं बीज बाखच्या एका लहान वयातल्या कॅन्टाटात आहे, एकशेपन्नास क्रमांकाच्या. तिचा शेवटचा तुकडा एका छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या मंद्र सुरावटीवर रचलेला. ब्राम्सने ती पियानोवर वाजवून ब्यूलोला विचारलं म्हणे, की हिच्यावर सिंफनीचा एक भाग उभा केला तर? पण तिच्या सुरांत थोडा बदल करावा लागेल. तो केला. ब्राम्सची सुरावट आपल्या भाषेत अशी आहे: सा, रे, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प, पुन्हा प, सा. त्यातला तीव्र मध्यम ब्राम्सचा. दोन मध्यम शेजारी शेजारी ठेवले की सुरावटीत काय अस्वस्थता येते हे ललत ऐकलेल्याला सांगायला नको. आठ सूर, प्रत्येकाला एक बार, बारात तीन मात्रा. म्हणजे चोवीस मात्रांचं एक आवर्तन. संपूर्ण भाग म्हणजे हे आवर्तन आधी एकदा नीट मांडणं, मग त्यावर तीस रूपं, आणि शेवटचा एक उठाव. पहिले तीन भाग मुकाट बसून राहिलेले तीन ट्रॉम्बोन इथे पहिल्यांदा तोंड उघडतात.

माझे एक तबलजी मित्र आहेत. पाश्चात्त्य संगीत म्हणजे सिनेमातल्या वादळाचा आवाज, असं त्यांचं मत. त्यांना मी एकदा घरी हा भाग ऐकवला आणि एवढंच सांगितलं, आठ सुरांचा लेहरा आहे, मोजा. त्यांनी सवयीने बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवला. पहिली तीन-चार आवर्तनं मान डोलावत गेली, कारण सुरावट वरच होती. चौथ्या रूपात ती खाली खर्जात गेली आणि वर व्हायोलिननी एक भलीमोठी, छाती भरून गायलेली धून सुरू केली. मित्र चमकले. पण अंगठा सुटला नाही. ते म्हणाले, “लेहरा पडद्यामागं गेला की. तबला बी हाच वाजवणार आणि नगमा बी हाच!” अगदी नेमकं. आपल्या तबलावादनात लेहरा न बदलता समोर चालू असतो आणि त्याच्या भरवशावर वादक वाटेल ते धाडस करतो. इथे लेहरा कधी डोक्यावर, कधी पायाशी, कधी मधल्या गर्दीत, कधी नुसता गृहीत धरलेला. ऐकणाऱ्यानेच तो मनात वाजवत ठेवायचा.

रूपं एकेक करून पातळ होत गेली. बाराव्याशी आल्यावर जवळजवळ सगळा वाद्यवृंद ओसरला आणि एकटी बासरी उरली. चढायची, अडखळायची, उतरायची. अंगठा थांबला. मित्रांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “लय निम्मी केली.” खरोखरच तसं आहे. मात्रा तीच, पण इथून बारात तीनऐवजी सहा मात्रा येतात, त्यामुळे तेच आठ बार दुप्पट लांब होतात. आपण विलंबितातून द्रुताकडे जातो; ब्राम्स ऐन मध्यावर विलंबित करतो. पहिल्या भागात मुखडा परत येताना जसा ताणून आणला होता तसंच. बासरीनंतर गंधार शुद्ध होतो, मग ट्रॉम्बोन मिणमिणत्या देवघरासारखे लागतात, आणि क्षणभर वाटतं की आता सगळं क्षमा होणार. होत नाही. आवर्तन पूर्वीच्या लयीत, पूर्वीच्या कोमल गंधारात, फुंकवाद्यांच्या पूर्ण ताकदीनिशी अंगावर येतं. शेवटाकडे, एकोणतिसाव्या-तिसाव्या रूपात पहिल्या भागातल्या त्या उतरत्या तिसऱ्यांच्या पायऱ्या पुन्हा दिसतात. त्या माजघरातून आपण कधी बाहेर पडलोच नव्हतो हे तेव्हा कळतं. मग उठाव. तिथे ब्राम्स आठ बारांचं कुंपण मोडतो, आणि धावत जाऊन त्याच ई मायनरमध्ये थांबतो. त्याच्या चार सिंफन्यांपैकी मायनरमध्ये संपणारी ही एकटीच.

ब्राम्सने ही सिंफनी शेवटची ऐकली ती ७ मार्च १८९७ रोजी व्हिएन्नात. आजाराने पार खंगला होता. हान्स रिश्टर वाद्यवृंद चालवत होता आणि लोकांनी प्रत्येक भागानंतर टाळ्या वाजवल्या. ३ एप्रिलला ब्राम्स गेला. हल्ली सिंफनीच्या दोन भागांमध्ये कुणी चुकून टाळी वाजवली तर आजूबाजूचे जाणकार असे बघतात की त्या बिचाऱ्याने हात खिशात घालावेत. त्यांना ही तारीख सांगावीशी वाटते.

ब्राम्स आणि माइनिंगेन यांचं नातं मात्र ब्यूलोच्या पलीकडे टिकलं. ब्यूलो त्याच शरदात, चौथ्या सिंफनीच्या दौऱ्यावरून ब्राम्सशी वाजल्यावर, नोकरी सोडून गेला. ब्राम्स येत राहिला. १८९१ मध्ये तिथल्याच रिशार्ड म्यूलफेल्ड या वादकाचं क्लॅरिनेट ऐकलं आणि आता लिहिणं पुरे म्हणणाऱ्या ब्राम्सने त्या एका माणसासाठी एक त्रिकूट, एक पंचकूट आणि दोन सोनाटा लिहिले. संस्थानं गेली, ते दरबारी नाट्यगृह १९०८ मध्ये जळालं, दुसरं उभं राहिलं. वाद्यवृंद अजून आहे आणि त्याचा हंगाम अजून निघतो.

माझ्या तबलजी मित्रांनी त्या दिवशी जाताना फारसं काही म्हटलं नाही. आठवड्याने त्यांनी बोलावून घेतलं. मुलाला पेटीवर बसवलं होतं, पांढरी तीनचा सा धरून तो ते आठ सूर वाजवत होता आणि स्वतः त्यावर तबला धरायचा प्रयत्न करत होते. जमेना. “काय होतंय बघा,” ते म्हणाले, “आपल्या लेहऱ्याचं टोक समेकडं पळतंय. ह्याचं टोक सा वर येऊन बसतंय. आणि पुढचं आवर्तन पुन्हा सा वरनंच. दर खेपेला गाडी स्टेशनात. तीस वेळा थांबलेली गाडी त्यानं पळवली कशी?”

मी पेटीजवळ गेलो. शेवटच्या सा खाली शुद्ध गंधार आणि पंचम दाबायला सांगितलं. सा घरी आल्यासारखा विसावला. मग सा तसाच धरून ठेवायचा, बोट उचलायचं नाही, आणि खालचे दोन्ही सूर सोडून त्याऐवजी मध्यम आणि कोमल धैवत दाबायचे. ब्राम्सच्या पहिल्या बारात तेच आहे. मुलाने दाबले. सा तोच होता, पण त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

मित्रांनी तबल्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “हां. आता परत.”